एकतिसावं वळण

१

कॅसेट चोरीला गेल्याचं मास्तरांना बोटांनी कळलं.

शुक्रवारची संध्याकाळ होती. माझ्या धाकट्या भावाच्या गॅरेजात मास्तरांची दोन सीटची निळी गाडी सर्व्हिसिंग होऊन उभी होती. छप्पर मागे दुमडता येणारी, जुन्या बनावटीची, पण घाटात सोडली की भल्याभल्यांना धूळ चारणारी गाडी. मास्तर आत बसले, स्टिअरिंगवरून तळहात फिरवला आणि कॅसेटप्लेअरच्या फटीत तर्जनी घातली. फट रिकामी होती. ते बोट त्यांनी बराच वेळ बाहेर काढलंच नाही.

"माझी कॅसेट कुठाय?"

गॅरेजात आम्ही पाच जण होतो. मास्तर, माझा भाऊ, दातांच्या डॉक्टरीणबाई, बेकरीवाले आणि मी. डॉक्टरीणबाईंची पिवळी गाडी आणि बेकरीवाल्यांची पांढरी शेजारीच उभी होती. मास्तर धरून या तिघांना आम्ही घाटवेडे म्हणतो. रविवारी पहाटे सहा ते सात रस्ते खातं घाटाची दोन्ही फाटकं लावून घेतं आणि त्या तासाभरात ही शहाणीसुरती माणसं बावन्न वळणांवरून वाऱ्यासारखी वर जातात. मी घाटाच्या पायथ्याशी टायरचं दुकान चालवते. वेड त्यांना आहे, टायर माझे झिजतात, त्यामुळे माझी तक्रार नाही.

ती कॅसेट साधी नव्हती. मास्तरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या बाई, तीस वर्षं त्यांच्या शेजारच्या सीटवर बसून पुढच्या वळणाच्या नोंदी मोठ्याने सांगायच्या. डावं तीन, उजवं पाच, असं. एक म्हणजे अगदी घट्ट वळण, सहा म्हणजे जवळजवळ सरळ. एकदा सरावासाठी त्यांनी सगळा घाट टेप करून ठेवला होता. दोन वर्षांपूर्वी बाई गेल्या. आवाज तेवढा त्या कॅसेटमध्ये राहिला, आणि दुसरी प्रत नव्हती.

"किल्ली तुझ्याकडे होती," मास्तर माझ्या भावाला म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्तच लागला. "रविवारी सकाळपर्यंत ती जागेवर हवी. नाहीतर माझी गाडी या गॅरेजात परत यायची नाही."

डॉक्टरीणबाई आणि बेकरीवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मास्तरांची गाडी गेली की त्यांच्याही जाणार, हे सांगायची गरज नव्हती. आणि गाड्यांचं एकवेळ जाऊ दे, चोर हा शिक्का एकदा बसला की मेकॅनिकच्या हातात कुणी किल्ली देत नाही.

भावाचे कान लाल झाले, लहानपणी व्हायचे तसे.

मग मीच पुढे झाले. "माझा भाऊ चोर नाही. रविवारच्या आत सिद्ध करून दाखवते."

मास्तरांनी शाळेत मला गणितात दोनदा नापास केलं होतं. त्यांनी माझ्या दिशेने मान वळवली. "दाखव. आणि एक सांगतो. कॅसेट मिळो न मिळो, रविवारी पहिला मीच जाणार. तोंडपाठ आहे मला ती."

२

त्या रात्री झोप धड लागली नाही. घाटाखाली राहणाऱ्याची झोप तशीही अर्धीच असते. गाड्यांचे आवाज धुक्यातून खाली झिरपतात आणि स्वप्नात मिसळतात. कोण चाललंय, कुठल्या वळणावर गियर बदलतंय, हे मला डोळे मिटून कळतं. गुरुवारी पहाटेच मला मास्तरांची गाडी वर जाताना ऐकू आली होती. वळणामागून वळणं घेत ती छान चढत गेली आणि अर्ध्याच्या वर कुठेतरी एकदम थांबली. बराच वेळ काहीच नाही. मग अगदी हळू, दमलेल्या माणसासारखी खाली आली. जाग आली तेव्हा मी मनाशी हसले होते. मास्तरांची गाडी तेव्हा गॅरेजात कुलपात होती.

शनिवारी सकाळी डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेले. पेशंट नव्हता, म्हणून त्यांनी मला त्याच खुर्चीत बसवलं. संशयित उभा आणि तपास करणारी आडवी, असा तो प्रकार होता.

"माझ्यावर संशय आहे ना?" त्या म्हणाल्या. "कायम दुसरी येते म्हणून?"

"येता तर खरं."

"अहो टायरताई, मला दुसरंच यायचं असतं! धुक्यात मी त्यांचे मागचे लाल दिवे धरून जाते. दोन वर्षांत मी त्यांना एकदासुद्धा चुकताना पाहिलं नाही. ब्रेक त्याच जागी, गियर त्याच जागी. कधीकधी अंगावर काटा येतो."

"दरड पडल्यावर घाट चार महिने बंद होता. बुधवारी उघडला. तुम्ही जाऊन आलात वर?"

त्या दचकल्याच. "छे! कोरा रस्ता आहे तो."

हा घाटवेड्यांचा जुना नेम. रस्ता बंद होऊन उघडला की पहिल्या रविवारपर्यंत कुणी वर पाय ठेवायचा नाही. पहिली गाडी मास्तरांची. ती ज्या रेषेने जाईल त्या रेषेने बाकीच्यांनी जायचं. नवी नवरी उंबरा ओलांडते तसं सगळं त्यांचं मानानं चालतं.

"म्हणजे वर आता काय आहे, तुमच्यापैकी कुणालाच माहीत नाही?"

"रविवारी कळेलच की," असं म्हणून त्यांनी सवयीने दिवा माझ्या तोंडावर ओढला. "जरा आ करा. ती दाढ किती दिवस दुखतेय?"

दाढ दुखतेय हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. इतक्या तीक्ष्ण नजरेची बाई चोर असती तर मला घाम फुटला असता.

३

बेकरीवाले भट्टीमागच्या खोलीत होते. तिथे पिठाच्या पोत्यांच्या जोडीला जुने रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि कॅसेटवरून कॅसेट उतरवून घ्यायचं एक यंत्र मांडलेलं असतं. ते पाहून माझा संशय फुगून वर आला.

"मी मागितली होती कॅसेट," त्यांनी स्वतःच सांगितलं. "म्हटलं, मास्तर, एक प्रत काढून ठेवू, टेप जुनी झालीय. नाही म्हणाले. ती यंत्रातून यंत्रात जायला नको म्हणाले. मग मी विषय सोडला."

"ऐकलीय तुम्ही ती?"

"एकदा. मास्तरांना घरून आणतो-सोडतो मीच हल्ली. निळी गाडी फक्त डोंगरासाठी, गावात नको, असं म्हणतात. एकदा गाडीपाशी त्यांची वाट बघत होतो, तेव्हा ऐकली." हाताला लागलेलं पीठ ते बराच वेळ झटकत राहिले. "बारा आणि तेरा वळणांच्या मध्ये बाई खोकतात. बाविसाला म्हणतात, स्वेटर आणायला हवा होता. आणि एकतिसाला जो लांब सरळ तुकडा आहे ना, तिथे हसतात. म्हणतात, 'एकतीस मोकळं. दाबा आता. घाबरू नका, मी आहे.'"

त्यांनी मला गरम बिस्किटं दिली आणि पाठ फिरवून भट्टीत डोकावले. भट्टीत काहीच नव्हतं.

या माणसाने ती कॅसेट चोरली असती, तर रडून रडून एव्हाना चोरी कबूल केली असती. डॉक्टरीणबाई नाहीत, बेकरीवाले नाहीत. मग उरलं कोण? उत्तर समोर दिसत होतं आणि मला ते बघायचं नव्हतं.

४

भाऊ सुटे भाग आणायला गेला होता. गॅरेजची दुसरी किल्ली माझ्याकडे असते. मी निळ्या गाडीपाशी उकिडवी बसले.

माणूस काहीही सांगेल, पण टायरला लपवता येत नाही. तिशीच्या आतबाहेर असल्यापासून मी टायर वाचतेय. चारही टायरच्या खाचांमध्ये निळसर बारीक खडी डांबरात चिकटून बसली होती. ओरबाडून एक खडा काढला आणि नखाने दाबला. डांबर अजून मऊ होतं.

आमच्याकडच्या रस्त्यांची खडी लालसर आहे. निळी खडी मी एकदाच पाहिली होती, बुधवारी. वरच्या फाटकावरचा चौकीदार पंक्चर घेऊन आला होता, त्याच्या टायरमध्ये. "दरडीच्या जागी नवा रस्ता केलाय, तिथली आहे," असं तो म्हणाला होता.

मास्तरांची गाडी मंगळवारी भावाने स्वतः त्यांच्या घरून आणली. घाट बुधवारी उघडला. आणि भाऊ मला म्हणाला होता, "टेस्टला फक्त पुलापर्यंत नेली, ताई." पूल घाटाच्या खाली आहे.

म्हणजे गुरुवारी पहाटेचं ते स्वप्न नव्हतं. माझ्या भावाने कोऱ्या रस्त्याचा नेम मोडला होता, माझ्याशी खोटं बोलला होता, आणि कॅसेट तेव्हा गाडीत होती. त्याचं नाव साफ करायला निघाले आणि पुरावा त्याच्याच विरुद्ध माझ्या तळहातावर होता. तो खडा मी पदराला बांधला आणि माल पोचवायच्या व्हॅनमधून घाट चढायला लागले.

५

दुपारीही धुकं होतं. व्हॅन कण्हत चढत होती. मला गाडी जोरात चालवता येत नाही, आणि त्या दिवशी घाईही नव्हती. वळणं एकेक करून धुक्यातून यायची, जवळून बघायची आणि मागे जायची. मी मोजत होते. बारा आणि तेराच्या मध्ये कान टवकारले, कुणी खोकतंय का म्हणून. बाविसाला थंडी वाजली. झाडं, कठडे, कुठेतरी पाणी ठिबकतंय. आपण जागे आहोत की नाही, याचीही खात्री वाटेना.

तिसाव्या वळणानंतर मी मोठ्याने म्हणाले, "एकतीस मोकळं. दाबा आता. घाबरू नका, मी आहे."

आणि ब्रेक मारला.

सरळ तुकडा नव्हताच. दरडीने तो नेला होता. निळ्या खडीचा नवा रस्ता तिथून एकदम डावीकडे, डोंगराच्या कुशीत वळत होता. इतका घट्ट की व्हॅनसुद्धा पुढे-मागे करून घ्यावी लागली असती. सरळ पुढे पाच-सहा रिकामी पिंपं उभी होती. पिंपांच्या पलीकडे धुकं होतं आणि धुक्याच्या खाली काही नव्हतं.

मी खाली उतरले. पिंपांच्या अलीकडे हातभर अंतरावर ब्रेकचे दोन काळे पट्टे उमटले होते. त्या टायरची नक्षी मी ओळखते, मीच विकलेत ते. माझा भाऊ गुरुवारी इथे मरता मरता वाचला होता.

पण डोळस माणसाला ते वळण दिसेल की. धुक्यातसुद्धा थोडं आधी दिसेल. मग त्याने मास्तरांची कॅसेट का लपवावी?

दुकानात परत आले आणि भिंतीवरच्या फळ्यासमोर उभी राहिले. दर रविवारच्या वेळा मी त्यावर खडूने लिहिते आणि वर्षाअखेर वहीत उतरवते. मी ती वहीही काढली. बाई होत्या तेव्हाचे मास्तरांचे आकडे नुसते नाचत होते. कधी तेरा मिनिटं पन्नास सेकंद, कधी पंधराच्या पुढे. बाई शिंकल्या असतील, रागावल्या असतील, खिडकीबाहेर बघत बसल्या असतील. बाई गेल्यानंतर मात्र सगळीकडे चौदा मिनिटं दहा सेकंद. उन्हात तेवढीच, धुक्यात तेवढीच. दोन वर्षं आम्ही सगळे त्याला कसब म्हणत होतो.

जिवंत माणसाची वेळ अशी येत नाही. कॅसेटची येते.

रिकाम्या फटीत फिरणारं ते बोट मला आठवलं. गावात गाडी न चालवणं आठवलं. माझ्याकडे न बघता माझ्या दिशेने वळलेली मान आठवली. मास्तर रस्ता बघून जात नव्हतेच. ते बाईंचं ऐकून जात होते.

भाऊ आला तेव्हा मी खडा टेबलावर ठेवला. तो बघून माझा भाऊ तिथेच खाली बसला.

"टेस्टला निघालो तर पुलापाशी कॅसेट आपोआप सुरू झाली, ताई. बाईंचा आवाज. त्या म्हणतील तशी गाडी जायची. इतकं सुंदर कधी चालवलं नव्हतं मी. थांबावंसंच वाटेना. एकतिसाला त्या म्हणाल्या दाबा, आणि मी दाबला." त्याने तोंड पुसलं. "मग तिथे बसून सगळं जुळवलं. गाडीचा एक हेडलाइट गेलेला होता, कधीचा. त्यांना पत्ताच नव्हता. मी म्हटलं, कॅसेटच नसेल तर जाणार नाहीत."

"आणि तोंड का शिवलंस?"

"काय सांगू? मास्तरांना दिसत नाही, असं त्या दोघांसमोर सांगू? मला हातात पाना धरायला त्यांनी शिकवलं, ताई. त्यापेक्षा चोर बरा."

एअर फिल्टरच्या जुन्या खोक्यातून त्याने कॅसेट काढून दिली. मला त्याला मारावंसं वाटलं आणि जवळ घ्यावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही, कारण तेवढ्यात मला मास्तरांचं शुक्रवारचं वाक्य आठवलं.

"अरे वेड्या, त्यांना ती तोंडपाठ आहे. उद्या ते कॅसेटशिवायच जाणार आहेत."

६

मास्तर खिडकीपाशी बसले होते. संध्याकाळ झाली होती तरी दिवा लावलेला नव्हता.

"दिवा लावू?"

"तुला हवा असेल तर लाव."

मी लावला नाही. "मास्तर, एक गणित सोडवून आणलंय."

"तू?" ते हसले. "मांड."

मी मांडलं. खडी, ब्रेकचे पट्टे, फळ्यावरचे आकडे. ते मध्ये एकदाही बोलले नाहीत, शाळेत मी फळ्यासमोर चुकत असतानाही बोलायचे नाहीत. शेवटी मी म्हणाले, "चोर माझाच भाऊ आहे. पण एकतिसाला आता रस्ता नाही, मास्तर. बाई सांगतात तिथे दरी आहे."

"कडेचं सगळं गेलंय," ते म्हणाले. "मध्ये बटणाएवढं उरलंय. तेही जाणार म्हणतात."

"कॅसेट घरी ऐका. ही घ्या. कोण नको म्हणतंय?"

त्यांनी ती हातात घेतली, अंगठ्याने कडा चाचपल्या. "ऐकून पाहिली घरी. घरात ती नुसते आकडे बोलते गं. गाडीत माझ्याशी बोलते. मी गियर टाकतो आणि ती पुढचं सांगते. मी थांबलो की ती थांबली."

मला रडू आलं. ते मी लपवलंही नाही. तसंही कुणाला दिसणार होतं?

"त्याने तोंड का नाही उघडलं?"

"उघडलं असतं तर तुमच्या डोळ्यांचं सांगावं लागलं असतं. चोर म्हणवून घेणं त्याला सोपं वाटलं."

मास्तर उठले, भिंतीला हात लावत दारापर्यंत आले आणि दार उघडून उभे राहिले.

"गणित बरोबर आहे," ते म्हणाले. "जा आता."

"आणि उद्या?"

"जा म्हटलं ना."

७

रविवारी पहाटे धुकं दुकानाच्या पायरीपर्यंत आलं होतं. भावाने निळी गाडी आणून लावली आणि बाजूला भिंतीला टेकून उभा राहिला, बाकीच्यांपासून चार हात लांब. डॉक्टरीणबाई हातमोजे चढवत होत्या. रात्रभर मी ठरवत होते, मास्तर स्टिअरिंगपाशी बसले तर गाडीपुढे आडवं पडायचं. माझा आकार बघता ते पुरेसं होतं.

बेकरीवाल्यांनी मास्तरांना आणलं. मास्तरांनी त्यांचा हात सोडला, बॉनेटवर तळवा ठेवला आणि गाडीच्या कडेने चाचपत निघाले. स्टिअरिंगच्या बाजूने नाही, दुसऱ्या बाजूने. बाईंच्या दारापाशी ते थांबले.

"सगळे आहात ना? ऐका. कॅसेट याने घेतली होती. मला दिसत नाही म्हणून घेतली. वर्ष होऊन गेलं, मला दिसत नाही. तुम्ही माझ्यामागून येत होता, त्याबद्दल माझी मान खाली आहे. आणि याला मी चोर म्हणालो, ते शब्द परत घेतो."

डॉक्टरीणबाईंचा एक हातमोजा खाली पडला, तो त्यांनी उचललाही नाही. भाऊ भिंतीपासून सुटून पुढे आला, पण काय करावं त्याला कळेना.

"किल्ली तुझ्याचकडे आहे ना?" मास्तर बाईंच्या सीटवर बसत म्हणाले. "मग बस. उजाडेल."

भावाला स्वतःची गाडी नाही. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांच्या गाड्या नीट केल्या आणि परत दिल्या. तो बसला. मी झेंडी टाकली.

दोन लाल दिवे धुक्यात गेले. मग नुसता आवाज उरला. मी डोळे मिटले. गियर आधीच्या जागी पडत नव्हते. आठव्या वळणाला उशीर, सोळाव्याला जरा लवकर. गाडी थोडी अडखळत, थोडी विचारत चढत होती. तिसाव्यानंतर आवाज एकदम खाली आला. मग पुन्हा, हळू, गियर पडला आणि गाडी चढायला लागली.

खाली आल्यावर भाऊ बराच वेळ गाडीतून उतरलाच नाही. मी खिडकीत वाकले.

"कॅसेट लावली होती?"

"नाही. त्यांच्या खिशात होती. सगळं तेच सांगत होते, बाईंच्या शब्दांत. बाराच्या पुढे खोकलेसुद्धा." त्याचे डोळे भरले होते. "एकतिसाला गप्प झाले. मग विचारलं, काय दिसतंय? मी म्हटलं, डावं, अगदी घट्ट. तर म्हणाले, 'एकतीस, डावं एक. सावकाश. घाबरू नकोस, मी आहे.'"

वरच्या फाटकावरून फोनवर वेळ आली होती. मी फळ्यावर लिहिलं, सोळा मिनिटं सत्तावीस सेकंद. मास्तर फळ्याशी आले, आकड्यावरून बोट फिरवलं आणि त्या बोटाखाली अर्धा आकडा पुसला गेला. मी तो पुन्हा लिहिला, थोडा मोठा.